कॅरव्हॅन ट्रेलर ओढायला फॅमिली गाडी कशी निवडायची: नागपूरकरांसाठी, क्रमाने

आधी गाडी बुक करायची, मग ट्रेलर शोधायचा आणि सगळ्यात शेवटी विचारायचं की भाऊ, याला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड, लागतो का, हा उलटा क्रम बहुतेक लोकं धरून राहिले. शोरूममध्ये पण एकच प्रश्न, टॉर्क, म्हणजे इंजिनचा खेचायचा जोर, किती? अहो टॉर्क आजकाल कोणत्याही मोठ्या डिझेलमध्ये पुरेसा असतो. कमी पडते ती गाडीच्या अंगावर वजन घ्यायची जागा, कारण आपण सहा जण बसणार, डिकी भरणार, वर कॅरिअर लावणार आणि त्यावर ट्रेलरचं नाक पण गाडीवरच टेकणार. खाली जो क्रम दिला आहे तो त्याच हिशोबाने आहे, मधली पायरी गाळू नका.

## तयारी: शोरूमला जायच्या आधी

एक वही घ्या, मोबाइलमध्ये लिहिलेलं सेल्समनसमोर सापडत नाही. त्यात हे पाहिजे:

- घरातल्या प्रत्येकाचं खरं वजन, काट्यावर उभं करून. आईचं अंदाजे पन्नास वगैरे चालणार नाही.
- ज्या ज्या गाड्या मनात आहेत त्यांच्या ओनर्स मॅन्युअलची पीडीएफ. ब्रोशर नाही, मॅन्युअल.
- ट्रेलर बनवणाऱ्याकडून रिकामं वजन, जास्तीत जास्त भरलेलं वजन, कपलरचा (ट्रेलरचं जे टोक हिचच्या बॉलवर बसतं त्याचा) साइज, ब्रेक कोणते आणि रुंदी, सगळं लेखी.
- एक मापाचा टेप.

## १. पहिले ट्रेलरचं भरलेलं वजन काढा

जाहिरातीत जे वजन असतं ते रिकाम्या ट्रेलरचं. समजा तो ६२० किलोचा आहे. ६० लिटर पाण्याची टाकी भरली की ६० किलो तिथेच वाढले. बॅटरी, गाद्या, भांडी, सिलिंडर, खुर्च्या, ऑनिंग (बाजूला ताणायचं छत), पोट्ट्यांच्या सायकली मिळून आणखी १२० पकडा. झाले ८००.

आता हा ८०० आकडा महत्त्वाचा का, तर ७५० किलो ही रेघ आहे. युरोपात ७५० च्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, आणि आपल्याकडच्या वर्गीकरणातही ट्रेलरची सगळ्यात हलकी टी१ कॅटेगरी ७५० किलो एकूण वजनापर्यंतच आहे, त्याच्या वर टी२. म्हणजे ६२० चा बघून "हलका आहे, ब्रेक कशाला" म्हणून घेतलेला ट्रेलर भरल्यावर रेघेच्या पलीकडे जातो. माझं मत विचाराल तर कुटुंब गाडीत बसलेलं असताना ५०० च्या वर काहीही ओढायचं असेल तर ब्रेकवाला ट्रेलरच घ्या, नियम काहीही म्हणो.

मग नाकाचं वजन, म्हणजे कपलर हिचच्या बॉलवर जेवढा भार टाकतो ते. ते भरलेल्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के ठेवायचं, अमेरिकन पद्धतीच्या जड ट्रेलरला १० ते १५ सांगतात. आपल्या ८०० साठी वरचा आकडा धरू, ८० किलो.

सावधान: नाक हलकं ठेवलं म्हणजे गाडीला आराम, असं समजून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरतात. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडी कोणतीही असो, ताबा राहत नाही. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत.

## २. नेणार कुठे ते ठरवा

ही पायरी लोकं हसण्यावारी नेतात. पण पेंचला जायचं तर मनसर, देवलापार करत ४४ नंबरचा सपाट चांगला हायवे आहे, ताडोबाच्या कोलारा गेटला उमरेड, भिसी, चिमूर करत गेलात तरी चढ फारसा नाही, अशा ठिकाणी मधल्या ताकदीची गाडी पण निवांत चालते. चिखलदरा वेगळं प्रकरण आहे. परतवाड्याच्या पुढे घाट लागतो, वर ११०० मीटरच्या आसपास जायचं, आणि नागपूर स्वतः ३१० मीटरवर. पचमढीला छिंदवाड्याकडून जाताना पण सौंसरच्या पुढे सिलेवानीची घाटी आहेच.

८ टक्के चढावर ८०० किलोचा ट्रेलर मागे ६४ किलोच्या जोराने सतत खेचतो, आणि उतरताना तेवढ्याच जोराने ढकलतो. चढताना फार तर स्पीड कमी होते. उतरताना ब्रेक तापतात, म्हणून घाट ठरला असेल तर इंजिन ब्रेकिंग (खालच्या गिअरवर इंजिननेच गाडी रोखणं) चांगलं असलेली गाडी आणि ब्रेकवाला ट्रेलर, यात वाटाघाट नाही.

चेक: वहीत दोन आकडे झाले पाहिजेत, ट्रेलरचं भरलेलं वजन आणि नाकाचं वजन. शिवाय घाट आहे की नाही. हे नसेल तर पुढे वाचून फायदा नाही.

## ३. पेलोडचा हिशोब, इथेच सगळे आपटतात

पेलोड म्हणजे गाडीचं कमाल भरलेलं वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात, वजा कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामान नसलेल्या गाडीचं वजन. दोन्ही आकडे मॅन्युअलच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर सापडतात. डीलरला तोंडी विचारू नका, पान उघडून दाखव म्हणा.

समजा एक सात सीटर आहे, कर्ब १९५० आणि जीव्हीडब्ल्यू २५१०. पेलोड ५६०. आता वजा करत चला:

- सहा माणसं, त्यात दोन पोट्टे: ३३०
- डिकीतलं सामान आणि आइसबॉक्स: ६०
- रूफ कॅरिअर सामानासकट: ५०
- हिचचं लोखंड: ३०
- ट्रेलरचं नाक: ८०

बेरीज ५५०. उरले १० किलो! येताना काटोलच्या बाजूने संत्र्यांचे दोन क्रेट घेतले की गाडी लिमिटच्या वर. आणि गंमत बघा, हीच गाडी ओढायच्या हिशोबाने आरामात पास होते. नवख्या माणसासाठी जो जुना नियम सांगतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, तो लावला तर १६५७ किलोपर्यंत चाललं असतं, आपला तर फक्त ८०० आहे. ओढायला भरपूर जागा, अंगावर घ्यायला काहीच नाही.

अजून एक गोष्ट, नाकाचे ८० किलो मागच्या चाकांवर ८० पडत नाहीत, जास्त पडतात, कारण बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो. बॉल अ‍ॅक्सलपासून १.१ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.७५ मीटर असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर ११२ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ३२ किलो उचलले जातात. तिसऱ्या रांगेत माणसं बसली की त्यांचा भार पण बहुतेक मागच्याच अ‍ॅक्सलवर. म्हणून मॅन्युअलमध्ये मागच्या अ‍ॅक्सलची वेगळी लिमिट दिली असेल तर ती पण वहीत उतरवा.

नेहमीच्या चुका: ड्रायव्हरला मोजत नाहीत. सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्या टाकीचं वजन विसरतात. आणि सात सीट आहेत म्हणजे सात माणसं, सामान आणि ट्रेलर सगळं चालेल असं धरतात, तसं कुठल्याच कंपनीने कबूल केलेलं नसतं.

हिशोब करून कमीत कमी ७०-८० किलो उरायला पाहिजे. नाही उरत तर गाडी मोठी घ्या, किंवा ट्रेलर लहान, किंवा काकांना सांगा ट्रेनने या.

## ४. कंपनी टोइंगला हो म्हणते का

मॅन्युअलमध्ये ट्रेलर, टोइंग हे शब्द शोधा. तीनपैकी एक सापडेल: स्पष्ट आकडा, स्पष्ट नाही, किंवा काहीच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं, आणि तसं असेल तर विषय संपला, ती गाडी यादीतून काढा. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला मॉडेल, व्हेरिएंट आणि वजनं लिहून ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

जिथे आकडा असतो तिथे बहुतेक दोन असतात, ब्रेकवाल्या ट्रेलरचा मोठा आणि बिनब्रेकच्या ट्रेलरचा लहान. कधी गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची पण लिमिट असते. तिन्ही पाळायच्या, सोयीची एक नाही.

सावधान: परदेशातल्या व्हिडिओतले आकडे आणू नका. ऑस्ट्रेलियात हायलक्सला ३५०० किलोपर्यंत रेटिंग आहे म्हणून इथली पण तेवढं ओढेल असं नसतं, कारण स्प्रिंग, कूलिंग, हिच, सगळं त्या त्या देशाच्या मॉडेलप्रमाणे ठरवून मग रेटिंग दिलेलं असतं.

## ५. सांगाडा, व्हीलबेस आणि मागचं लोंबणं

लॅडर फ्रेमवाल्या, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांत, जशा स्कॉर्पिओ-एन, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस, हायलक्स, हिच थेट चेसिसच्या रेल्सला बोल्ट करता येतो. एक्सयूव्ही७००, सफारी, हायक्रॉस, क्रेटा या मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. मोनोकॉक ओढूच शकत नाही असं काही नाही, युरोपात अर्ध्याच्या वर कॅरव्हॅन मोनोकॉक गाड्याच ओढत असतील, पण तिथे कंपनीने बॉडीत हिचसाठी जागा ठरवून दिलेल्या असतात. इथे तशी जागा आणि तसा हिच मिळतो का हा खरा प्रश्न आहे. नाही मिळत तर लॅडर फ्रेमकडेच वळा.

ड्राइव्ह कोणत्या चाकांना हे पण बघा. वर सांगितलं की नाक पुढची चाकं हलकी करतं, त्यामुळे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ओल्या चढावर, जंगलातल्या मुरुमावर जागच्या जागी चाक फिरवत बसते. रिअर व्हील किंवा फोर बाय फोर असेल तर तेच नाक मदतीला येतं.

व्हीलबेस लांब पाहिजे आणि मागचं लोंबणं, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे निघालेला गाडीचा भाग, आखूड. लांब व्हीलबेसची गाडी ट्रेलरच्या हेलकाव्याला कमी दबते. तीन दरवाज्यांची थार २४५० मिमीची आहे, स्कॉर्पिओ-एन आणि क्रिस्टा २७५०, पिकअप ३००० च्या वर. थार कितीही दणकट दिसली तरी मोठ्या ट्रेलरसाठी मी नाही म्हणेन, आणि तशीही ती चार जणांचीच आहे.

टेप काढा आणि गाडीच्या मागे वाका. स्टेपनी खाली टांगलेली असेल तर हिचचा आडवा बार लागल्यावर ती खाली उतरते का? मागचा दरवाजा बाजूला उघडणारा असेल, स्कॉर्पिओ-एन आणि थारसारखा, तर ट्रेलर जोडलेला असताना तो ट्रेलरच्या नाकावरच्या जॅकला आपटतो का? आपटला तर दर चहाच्या टपरीवर ट्रेलर सोडावा लागेल डिकी उघडायला.

## ६. इंजिन, गिअरबॉक्स आणि नागपूरचा मे महिना

डिझेल, ३०० ते ४०० न्यूटन मीटर, आणि ते कमी आरपीएमला मिळतात का, बस एवढं. मॅन्युअल गिअरच्या डिझेल स्कॉर्पिओ-एनमध्ये वरच्या व्हेरिएंटला ३७० आहेत, क्रिस्टाला ३४३, वर घेतलेल्या ८०० किलोसाठी पुरतात. ईव्ही घेऊ नका असं नाही, पण कॅरव्हॅन मागे लावली की रेंज अर्ध्यावर यायला वेळ लागत नाही आणि चार्जरपाशी ट्रेलर सोडून उभं राहावं लागतं.

गिअरबॉक्सवर जास्त वेळ द्या. ड्राय क्लचवालं डीसीटी (दोन क्लचचं ऑटोमॅटिक) चढावर रांगत रांगत ट्रेलर ओढताना तापतं, ते टाळा. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक चांगलं, पण ओनर्स मॅन्युअलमध्ये ट्रान्समिशन ऑइल लवकर बदलायला सांगितलं आहे का ते बघा, आणि ऑइल कूलर आहे का विचारा. मॅन्युअल गिअर पण चालतो, फक्त चढावर रिव्हर्स घेताना हाफ क्लचवर खेळणारा ड्रायव्हर असेल तर क्लच प्लेट महिन्यात पाठवून देईल.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, एसी फुल्ल, सहा माणसं, मागे ट्रेलर, समोरून गरम वारा. कूलिंग सिस्टीमची ही खरी परीक्षा. जुनी गाडी घेणार असाल तर रेडिएटर, फॅन, कूलंट आणि होज तपासल्याशिवाय सौदा करू नका.

टायर पण याच खात्यात. टायरवर साइजच्या पुढे जो आकडा असतो तो लोड इंडेक्स, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १०६० किलो एका टायरला. मागच्या दोन टायरची बेरीज मागच्या अ‍ॅक्सलवर येणाऱ्या भारापेक्षा चांगली वर पाहिजे. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची, फुल लोडचा आकडा दरवाज्याच्या स्टिकरवर असतो. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दाखवते म्हणून काढून टाकणारे महाभाग आहेत, तसं करू नका.

## ७. हिच, बॉल, वायर

गाडीसोबत जो स्क्रू करायचा हुक मिळतो तो बंद पडलेली गाडी ओढून न्यायला आहे, ट्रेलरसाठी नाही. आणि अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात बंपरखाली जो चमकणारा गोळा लावून देतात तो शोभेचा, मागून स्कूटर ठोकू नये म्हणून. त्याच्यावर ८०० किलो अडकवायचे नाहीत.

१. हिच कोणत्या भारासाठी बनवला आहे ते त्यावर प्लेटवर कोरलेलं असतं, ओढायचं वजन आणि नाकाचं वजन दोन्ही. प्लेट नाही तर हिच नाही. बंपरच्या ब्रॅकेटला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला दुरून नमस्कार.

२. बॉल आणि कपलर एकाच मापाचे पाहिजेत. युरोपियन ५० मिमी, अमेरिकन २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. डोळ्याला सारखेच दिसतात, पण २ इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो आणि खड्ड्यात उडू शकतो. व्हर्निअरने मोजा.

३. जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर. एसयूव्ही उंच असते, त्यामुळे नाक वर जातं, मग खाली उतरणारा ड्रॉप बार लागतो.

४. ट्रेलरचे दिवे गाडीच्या टेललाइटच्या वायरीला टोचून जोडू नका, नवीन गाड्यांत वॉर्निंग लाइट लागतात, कधी मॉड्यूल जळतं. वेगळा रिले असलेलं किट घ्या, आणि मागचे सेन्सर व रिव्हर्सचं ऑटो ब्रेकिंग ट्रेलर असताना बंद करता येतं का ते बघून घ्या.

५. ट्रेलरचे ब्रेक ओव्हररन असतील तर गाडीत काही लागत नाही. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक असतील तर गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, त्याची वायरिंग कोण करणार ते आधीच ठरवा. शिवाय सेफ्टी चेन आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक ओढणारी ब्रेकअवे केबल, दोन्ही अडकवायला हिचवर जागा पाहिजे.

६. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर एक्स्टेंशन आरसे. गाडीच्या आरशाच्या आकाराला ते बसतात का, शोरूममध्येच बघा.

## ८. कागद

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कलम ६१ मध्ये आहे. गाडी बदलली की तो नंबर बदलायचा, हे फार जण विसरतात.

ट्रेलर घ्यायच्या आधी बनवणाऱ्याकडून मान्यतेचे कागद घ्या आणि तुमच्या आरटीओत, एमएच ३१ असो, ४९ असो की ग्रामीणचा ४०, ते दाखवून रजिस्ट्रेशन होईल का विचारा. हिच बसवण्याबद्दल पण तिथेच विचारा, कारण गाडीत केलेल्या बदलांवर कलम ५२ लागतं. विमा कंपनीला हिच आणि ट्रेलर दोन्ही लेखी कळवा. वॉरंटीचं डीलरकडून लेखी.

चेक: इथपर्यंत यादीत दोन-तीन गाड्याच उरल्या असतील. एकही उरली नसेल तर ट्रेलर लहान करा, पायरी एकपासून परत.

## ९. टेस्ट ड्राइव्ह आणि धर्मकाटा

रिकाम्या गाडीची रिंग रोडवरची टेस्ट ड्राइव्ह या कामाला उपयोगाची नाही. डीलरला सांगून घरचे सगळे बसवा, सामान टाका, आणि मागे गाडी किती बसते ते बघा. बसण्याआधी आणि नंतर मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. माणसांनीच गाडी मागे टेकली तर ट्रेलर लावल्यावर हेडलाइट झाडावर जातील.

गाडी आणि ट्रेलर दोन्ही हातात आले की पहिल्या सहलीच्या आधी धर्मकाट्यावर जा, कळमना मार्केटच्या बाजूला किंवा हिंगणा एमआयडीसीत भरपूर आहेत, सकाळी ट्रकची गर्दी कमी असताना.

१. माणसं, सामान, पूर्ण टाकी डिझेल, ट्रेलर जोडलेला: फक्त गाडीची चारही चाकं काट्यावर. हा आकडा जीव्हीडब्ल्यूच्या आत पाहिजे.

२. मागे सरकून फक्त गाडीची पुढची चाकं काट्यावर ठेवा, हा आकडा पहिल्यातून वजा केला की मागच्या चाकांवरचा भार कळतो. अ‍ॅक्सलची लिमिट बघा.

३. ट्रेलर सोडून फक्त ट्रेलर, जॅकसकट पूर्ण काट्यावर. हे त्याच्या कमाल वजनाच्या आत.

नाकाचं वजन मात्र धर्मकाट्यावर नीट कळत नाही, तो ५-१० किलोच्या टप्प्याने दाखवतो. त्यासाठी घरचा वजनकाटा कपलरखाली ठेवा, मध्ये लाकडाचा तुकडा उभा करा, ट्रेलर लेव्हल असताना आकडा वाचा. चाकांना अडण लावल्याशिवाय हे करू नका.

मग रिकाम्या रस्त्यावर ४० ला, ६० ला, ७० ला चालवून बघा. समृद्धीवर पाटी १२० ची असते पण ती नुसत्या कारसाठी धरा, ट्रेलर असताना ७०-८० च्या वर जायचं कारण नाही. ट्रेलर हलायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने उलट सावरायला पण जाऊ नका. थांबल्यावर सामान पुढे घ्या, नाक परत मोजा. तरीही ६० ला हलत असेल तर जोडीच चुकली आहे, सहल रद्द.

पहिल्या ५० किमीनंतर थांबून हिचचे बोल्ट आणि ट्रेलरचे व्हीलनट टॉर्क रेंचने परत तपासा, आणि हबला हात लावून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे, तिथूनच परत फिरा.